मंडळाचा अहिंसक टेरियर

या मायबाप, जरा सरकून पुढं बसा, टाळ मांडीवर ठेवा. आज एका बुटक्या कुत्र्याचं आख्यान ऐकायचं आहे. त्यात पदरचं मीठ चिमूटभरच आहे.

केळापूरच्या एका भजनी मंडळाच्या खोलीत उंदीर झाले होते. त्यांनी पखवाजाची वादी कुरतडली, सतरंजीला झालर काढली आणि आता पेटीच्या भात्याकडे मोर्चा वळवला होता. पेटी वाजवायच्या तुळसाबाई. सप्ताह तोंडावर आलेला. भाता फाटला तर कीर्तनाला सूर कुठून आणायचा, या काळजीनं त्यांना घास गोड लागेना.

शेवटी त्यांनी आपला फौजी खोलीत आणून सोडला. फौजी म्हणजे लेकानं नागपूरहून आणलेला जॅक रसेल टेरियर. वीतभर पाय, उभी शेपूट, भोक दिसलं की नाक आत. ही जातच मुळी बिळातली जनावरं हुसकायला जोपासलेली. अंगावरून अधूनमधून ब्रश फिरवला की झालं. पण पळायला जागा आणि करायला काम हवंच, नाहीतर अंगण खणून ठेवणार. फौजीनं पहिल्याच दिवशी पेटीमागचा उंदीर मारून बाईंच्या पायाशी ठेवला आणि शाबासकीसाठी मान वर केली.

त्यावर मंडळाची तातडीची सभा भरली.

"बाई, कुत्र्याबद्दल तक्रार नाही," अध्यक्ष पंजाबराव म्हणाले, "पण उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन. मंडळाच्या जागेत वाहनाचा अपघात झाला."

"अन् थे वाहन माह्या पेटीचा भाता खाऊन राह्यलं, त्याचं काय, भाऊ?"

"अर्ज द्या. वाहनाचं म्हणणंही ऐकून घेऊ."

ठराव झाला: बंदोबस्तास हरकत नाही, मात्र तो उंदरांना इजा, भीती अथवा मनस्ताप न होता व्हावा. फौजीची 'मानद मूषक-समन्वयक' म्हणून नेमणूक झाली आणि त्याच्या संगोपनासाठी उपसमिती बसली. उपसमितीनं शोधून काढलं की हिंसा आहारातून येते. अंडं बंद, दूध-पोळी सुरू, एकादशीला भगर. भुंकण्यानं हरिपाठात व्यत्यय येतो, म्हणून भुंकणं आरतीपुरतं. खणल्यानं जमिनीतले जीव मरतात, म्हणून पायांत लोकरीचे मोजे. यवतमाळ जिल्ह्यात. मे महिन्यात.

फौजी कोपऱ्यात पडून राहू लागला. जनावरांचे डॉक्टर धम्मरत्न यांनी त्याला उलटापालटा करून पाहिलं.

"याले रोग नाही, बाई. हाताशी काम नाही राह्यलं, थोच याचा रोग. मोजे काढा अन् पळू द्या."

"डॉक्टरसाहेब, तुम्ही शरीर पाहता," पंजाबराव हसून म्हणाले, "आम्ही आत्मा पाहतो."

आत्मा तेव्हा धापा टाकत होता. तुळसाबाई त्याला घरी न्यायला दोर घेऊन आल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की सप्ताहात समन्वयकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला आहे. आपल्या कुत्र्याचा सत्कार! बाईंच्या हातातला दोर जरा सैल झाला. खोटं कशाला बोला?

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी कीर्तनकार बुवा उभे राहिले. तुळसाबाईंनी भाता ओढला. पेटीतून नुसता वारा आला. भात्याची चाळणी झाली होती. बुवांनी बिचाऱ्यांनी पेटीवाचूनच चाल धरली. मध्येच सत्कार झाला. शाल फौजीला जमिनीवर लोळेपर्यंत पुरली. पंजाबराव 'हिंसेवर संस्कारांचा विजय' या विषयावर बोलत असतानाच पेटीतून एक लठ्ठ उंदीर निघाला आणि फौजीच्या नाकासमोरून ऐटीत चालू लागला.

फौजीचे कान ताठ झाले. अंगभर थरथर उठली.

"धर रे, बाप्पा!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

फौजीनं पंजाबरावांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान खाली घातली. उंदीर थांबला, मागे वळला आणि शालीची कड चाखू लागला. अख्ख्या मंडपानं टाळ्या वाजवल्या.

तुळसाबाई खाली बसल्या आणि त्याच्या पायांतले मोजे एकेक करून काढू लागल्या. चारही काढले. तरी तो पळाला नाही.

मायबाप, घरी जाल तेव्हा एकाची आठवण असू द्या. तुमच्याही घरात, शाळेत, कचेरीत कधीकाळी कुणी दात घेऊन आलं होतं. तुम्ही मोठ्या मायेनं त्याला दूध-पोळी घातलीत. कोण ते चटकन आठवत नसेल, तर आरशापुढं जरा वेळ उभे राहा.