पट्टीकाकांची पाठमोरी माणसं

"दहा चित्रं? अहो, पंधरा दिवसांत वीस आणून टाकतो!" असं कला महाविद्यालयाच्या खिडकीत छाती फुगवून सांगून पट्टीकाका घरी आले, तेव्हा त्यांनी फॉर्मची मागची बाजू वाचलेलीच नव्हती.

पस्तीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात पंपाचे भाग आखले होते. खिशात सदैव सहा इंची पट्टी, म्हणून पट्टीकाका. निवृत्त झाले, तीन वर्षांपूर्वी बायको गेली, मुलगा विमानानंच गाठावं इतक्या लांब जाऊन राहिला, आणि घरात एवढी शांतता पसरली की फ्रिजनं घरघर केली तरी काकांना सोबत वाटायची. अशात संध्याकाळच्या वर्गाला वयाची अट नाही असं कळलं. काकांनी लगेच पेन्सिलींना टोकं काढली.

फॉर्मच्या मागे लिहिलं होतं, दहापैकी पाच चित्रं प्रत्यक्ष समोर असलेल्या माणसांची हवीत. फोटोवरून काढलेली चालणार नाहीत.

काकांनी घरभर नजर फिरवली. माणसाला बसायला खुर्च्या सहा होत्या, माणूस एकच होता!

त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. "दहा मिनिटं हलू नकोस रे."

"बाबा, मी गाडी चालवतोय! सिग्नलला थांबलोय फक्त."

"मग तेवढ्यात उरकतो."

सिग्नल सुटला. कागदावर जेमतेम एक कान उतरला होता.

मग काकांच्या डोक्यात किडा वळवळला. सहज म्हणून आपल्याकडे कोणी फिरकत नाही, पण काही बिघडलं की माणूस येतोच! त्यांनी पाना घेतला, स्वयंपाकघरातला नळ किंचित ढिला केला आणि प्लंबरला फोन लावला.

प्लंबरनं चार मिनिटांत काम संपवलं.

"बसा की. चहा टाकतो," काका म्हणाले.

"नको काका, अजून तीन ठिकाणी जायचंय."

हाती लागली ती त्याची वाकलेली पाठ. दुसऱ्या दिवशी नळ पुन्हा ढिला, पुन्हा पाठ. तिसऱ्या दिवशी प्लंबर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काका, खरं सांगा. ह्या नळाला हात कोण लावतं?"

"छे! घरात मी एकटाच असतो."

"तेच तर विचारतोय!"

जाताना त्यानं नळ असा काही आवळला की चौथ्या दिवशी काकांनी पान्यावर सगळा जीव टाकला आणि नळ मुळासकट हातात आला! पाण्याची धार थेट छताला. काकांनी घाईघाईत समोर दिसलं ते त्यावर दाबलं, आणि ती निघाली चित्रांची फाइल!

अर्ध्या तासानं नुसतं लोटलेलं दार धाडकन उघडलं. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या होत्या, घरात छत्री उघडून! "माझ्या पलंगावर पाऊस पडतोय! ड्युटीवरून येऊन आत्ता कुठे डोळा लागला होता!"

"बाई, अशाच उभ्या राहा!" एका हातानं धार थोपवत काकांनी दुसऱ्या हातानं पेन्सिल उचलली.

"अहो, तुम्हाला काही लाजबीज?"

बाईंनीच प्लंबरला बोलावलं. त्यानं पाण्याचा मुख्य कॉक बंद केला आणि खाली बघितलं, तर लादीवर त्याच्याच तीन पाठी तरंगत होत्या. एक कागद त्यानं उचलला. शर्टाची उसवलेली शिवणसुद्धा काकांच्या नजरेतून सुटली नव्हती.

"ह्यासाठी नळ काढत होतात?"

काका ओला लेंगा पिळत राहिले.

"सांगायचं की राव! बसलो असतो घटकाभर."

"आणि नाही म्हणाला असतात तर?" काका हळूच म्हणाले.

नर्सबाईंनी छत्री मिटली. मग म्हणाल्या, "माझी गादी गच्चीवर न्यायला तरी चला."

तिघांनी गादी वर नेली. गादीशेजारच्या दोरीवर चित्रं वाळत लटकली आणि ऊन उतरेपर्यंत दोघंही काकांसमोर बसून राहिली. बाई तर बसल्या बसल्या झोपल्या, त्यामुळे त्यांचं चित्र उत्तम झालं.

सुरकुतलेली फाइल चाळत परीक्षकांनी विचारलं, "ह्यातली तीन माणसं पाठमोरी का?"

"घाईत होती."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि प्रवेश दिला.

पहिल्याच दिवशी वर्गात चित्रासाठी समोर बसणारा मॉडेल आला नाही. सरांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि काकांवर थांबली. "तुम्हीच बसा. चेहऱ्यावर रेषा भरपूर आहेत."

काका स्टुलावर बसले. वीस पोरंपोरी तासभर त्यांच्याकडे बघत होती. नाकाकडे, कानाकडे, कपाळावरच्या एकेका आठीकडे. इतकं निरखून त्यांच्याकडे तीन वर्षांत कोणी बघितलं नव्हतं.

"काका, हलू नका ना!" पुढची मुलगी वैतागली. "डोळ्यांखाली मघाशी कोरडं होतं, आता चमकतंय. मी परत खोडायचं का?"

"दिवा डोळ्यांवर येतोय गं," काका म्हणाले.

दिवा त्यांच्या पाठीमागे होता.