घोसाळ्यांची भिंत

रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा रंगनाथने आधी स्वयंपाकघरातून घोसाळ्यांची पिशवी उचलली आणि मगच दार उघडलं. दारात सोसायटीचे सेक्रेटरी रावजी उभे होते. पिशवी पाहताच ते एक पाऊल मागे सरकले.

"भाजी नको," रावजी हात आडवा करत म्हणाले. "कालची आहे, परवाचीही आहे. मी भिंतीबद्दल बोलायला आलोय."

रंगनाथने पिशवी खाली ठेवली. भिंतीबद्दल कोणी ना कोणी बोलायला येणार, हे त्याला महिनाभर ठाऊक होतं.

नव्वदीच्या दशकातलं नाशिकचं इंदिरानगर म्हणजे अर्धी घरं आणि अर्धी शेतं. बाल्कनीत उभं राहिलं की एकीकडे सिमेंटच्या गोण्या दिसायच्या आणि दुसरीकडे फ्लॉवरचे गड्डे. संध्याकाळी वारा सुटला की मेथीचा वास थेट हॉलमध्ये यायचा, त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत नसे. रंगनाथची इमारत जिथे उभी होती, तिथेही आधी मळाच होता आणि तो त्याच्याच वडिलांचा, लहानूबाबांचा होता. मळा बिल्डरला दिला, बदल्यात तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेचा फ्लॅट मिळाला. रंगनाथ शहरातल्याच द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चिकटला. लहानूबाबा मात्र कुठेच चिकटेनात. सकाळी ते पार्किंगमध्ये फेऱ्या मारत आणि कोणी स्कूटर लावायला आलं की सांगत, "जरा पलीकडं लावा. हितं कोथिंबिरीचा वाफा हाये."

लोक हसायचे. रंगनाथला हसू यायचं नाही. जेवताना म्हातारा एक शब्द बोलत नसे. बोललाच तर एवढंच, की आपण आता नामपूरला बहिणीकडे जाऊन राहतो, तिथं निदान कांद्याचं शेत तरी आहे. कपड्यांची पिशवी पलंगाखाली भरलेलीच असायची. आई गेल्यावर वडीलही घरातून गेले तर या घरात आपलं म्हणून काय उरलं, या विचाराने रंगनाथला जेवण जायचं नाही.

त्यात तो उन्हाळा. पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली असायची. "या भिंतीवर भाकरी टाकली तर फुगेल," असं प्रतिभा, रंगनाथची बायको, रोज म्हणायची. शेवटी रंगनाथने भिंतीवर वेल चढवायचं ठरवलं आणि नर्सरीतून एक शोभेची वेल आणली. लहानूबाबांनी तिला उलटसुलट करून पाहिलं.

"खायला काय येतं हिला?"

"काही नाही, तात्या. नुसती हिरवी दिसते."

"मंग पाणी कशापायी घालायचं?"

दुसऱ्या दिवशी शोभेची वेल गायब झाली आणि भिंतीच्या कडेने आळी खणलेली दिसली. लहानूबाबांनी घोसाळ्याचं बी लावलं होतं. लावलं ते त्यांच्या घरच्या रीतीनं, एका आळ्यात तीन बिया. एक मुंगीची, एक पाखराची, एक आपली. पण मुंग्यांसाठी रावजींनी नुकतीच पावडर मारली होती आणि पाखरं बांधकामाच्या खडखडाटाने पांगली होती. मुंगीचं बी उगवलं, पाखराचंही उगवलं. मळ्यात जास्तीची रोपं उपटायचं काम चतुराबाई, म्हणजे रंगनाथची आई करायची. लहानूबाबांना उगवतं रोप कधीच उपटवत नसे.

पाऊस लागला आणि वेल सुटले. गच्चीवरून सोडलेल्या सुतळ्या त्यांनी श्रावणाआधीच संपवल्या. मग ते गज धरून चढले, पाइपावरून चढले, रावजींच्या वाळत घातलेल्या बनियनचा हातही त्यांनी धरला. भाद्रपदात सगळी भिंत हिरवीगार झाली, तिच्यावर पिवळी फुलं आणि फुलांवर भुंगे. आणि मग लागली घोसाळी.

मळेकऱ्याच्या घरी पहिला तोडा शेजाऱ्यापाजाऱ्यांना वानोळा म्हणून जातो. रंगनाथकडून पहिला गेला, दुसरा गेला, दहावाही गेला. इमारतीने घोसाळ्याची भाजी केली, भजी केली, सालींची चटणी केली. पुढे पुढे रंगनाथचा पायरव ऐकून लोक आतून दिवे घालवू लागले. एक जून झालेलं घोसाळं वरून सुटलं आणि थेट रावजींच्या नव्या स्कूटरच्या सीटवर बसलं. दुसऱ्या मजल्यावरच्या यशोदाबाईंच्या अँटेनाला वेलाने असा विळखा घातला, की त्यांच्या टीव्हीवर बातम्यांऐवजी नुसत्या मुंग्या दिसायच्या.

"तर," रावजी आता सांगत होते, "काल तुम्ही कामावर असताना मीटिंगमध्ये ठरलं. दिवाळीआधी इमारतीला रंग द्यायचा. पुढच्या रविवारी वेल काढायचे."

"पण तात्यांना..." रंगनाथ म्हणाला आणि वळला. मागे लहानूबाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हं," एवढंच म्हणून ते आत गेले. त्याच संध्याकाळी नामपूरहून मालनआत्याचा फोन आला. रविवारी कोणाची तरी जीप नाशिकला येणार होती, भावाने तयार राहावं.

रंगनाथने आयुष्यात कधी कोणाशी वाद घातला नव्हता. ऑफिसात त्याचा चहा दुसरे पिऊन जात. पण त्या आठवड्यात तो पेटला. बुधवारी अर्धी रजा टाकून भर दुपारी त्याने रावजींना आपल्या हॉलमध्ये आणलं.

"या भिंतीला हात लावा."

"लावला. बरं मग?"

"आता जिन्यातल्या दक्षिणेकडच्या भिंतीला लावा. तिच्यावर वेल नाही."

रावजींनी लावला आणि झटक्यात काढला. ऑक्टोबरचं ऊन होतं ते. हात चोळत ते परत हॉलमधल्या भिंतीशी गेले.

"तरीच," ते हळूच म्हणाले, "हल्ली दुपारी मला झोप लागते. मला वाटलं वय झालं."

तिथून रंगनाथ यशोदाबाईंकडे गेला. त्या एकट्याच राहत, मुलगा पुण्याला. दार उघडताच रंगनाथ हात जोडून म्हणाला, "काकू, तुमची अँटेना मी सोडवून देतो, पण वेल राहू द्या."

"अरे, कशाला सोडवतोस?" यशोदाबाईंनी त्याला आत ओढलं. "टीव्ही दिसत नाही म्हणून तर मी संध्याकाळी खाली येते. भाजी निवडायला, घोसाळी तोडायला सगळ्याजणी जमतो. दोन वर्षं झाली इथे राहून, पण वरच्या मजल्यावरच्या सुनेचं नाव मला या घोसाळ्यांमुळे कळलं."

"मग मीटिंगमध्ये हात का वर केलात?"

"सगळ्यांनी केला म्हणून."

रंगनाथ प्रत्येक दारात गेला आणि जवळजवळ प्रत्येक दारात हेच ऐकून आला. कोणाकडे रस्त्याची धूळ येईनाशी झाली होती. कोणाच्या खिडकीत बुलबुलाने घरटं केलं होतं आणि घरातली पोरं त्यापायी वेळेवर उठत होती. हात मात्र सगळ्यांनीच वर केला होता. हल्ली मोठ्या हॉटेलांच्या भिंतींवर कुंड्यांच्या चवडी लावतात आणि त्यांना इंग्रजी नाव देऊन फोटो काढतात. त्या इमारतीला तसलं काही माहीत नव्हतं. सगळ्यांना बरं वाटत होतं, एवढंच होतं, आणि ते एकमेकांना सांगायचं राहून गेलं होतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सगळी इमारत जमली. जीपही आली. जीपमधून मालनआत्या उतरल्या. लग्न होऊन नामपूरला गेल्यापासून त्यांच्या बोलण्यात तिकडची अहिराणी मुरली होती. "भाऊ कोठे शे?" त्यांनी विचारलं. रंगनाथने त्यांना हातानेच थांबवलं, कारण रावजी बोलायला उभे राहिले होते.

"आजवर आपण या भिंतीकडे चुकीच्या नजरेने पाहिलं," रावजी म्हणाले. "ही भिंत आपलं छत्र आहे. मी जाहीर करतो की रंग रद्द! या वेलांच्या एका पानालाही कोणी..."

सर्रर्र असा आवाज झाला. मग धप्प झालं.

सगळे इमारतीला वळसा घालून पश्चिमेला धावले. लहानूबाबा धोतराचा काचा मारून, हातात कोयता घेऊन वेल ओढत होते. अर्धी भिंत उघडी पडली होती. पायाशी वेलांचा हा ढीग.

"बाबा! अहो, काय करताय!" यशोदाबाई किंचाळल्या.

"थांबा, लहानूबाबा! आम्ही ठराव बदलला!" रावजींनी वेलाचं दुसरं टोक घट्ट धरलं. "वेल राहणार!"

"सोडा, सोडा तो," लहानूबाबा वैतागून म्हणाले. "कडू पडलाय. पीक संपलं. संपल्याला कशाला मिठी मारायची?"

"पण आम्हाला हवाय!"

"मंग दसऱ्याआधी सांगायचं."

आठवडाभर ज्यासाठी रंगनाथने दारोदार हात जोडले, ते वडिलांनी स्वतःच्या हाताने उतरवलं होतं. आता त्यांना इथे अडवायला काय उरलं? मालनआत्या पुढे झाल्या आणि त्यांनी भावाच्या दंडाला धरलं.

"चाल भाऊ. गाडी उभी शे."

"कुठं?" लहानूबाबांनी विचारलं.

"कुठं म्हंजे? आपल्या नामपूरले!"

लहानूबाबांनी बहिणीकडे असं पाहिलं, जणू ती भर पेरणीत लग्नाचं आमंत्रण घेऊन आली होती.

"मालन, तुला काय कळतं का? रान मोकळं झालंय. वाल लावायचाय, वरच्या अंगाला पावटा. आन तू मला गाडीत बसवती?" मग ते रावजींकडे वळले. "रंग द्यायचा तर आठ दिसांत उरका. मंग भिंत मिळायची नाय."

रावजींनी मान हलवली. रंगनाथ खाली वाकून वेलांचा भारा बांधू लागला. डोळ्यात काय गेलं होतं ते त्याने बाहीने पुसलं.

"रंग्या," वडील म्हणाले, "तसा नाय, आडवा बांध. आन रावजी, उद्यापास्नं तुमची ती स्कूटर जरा पलीकडं लावा."