धुरीसरांची हरकत

आमच्या धुरीसरांनी भांडुपच्या त्यांच्या सोसायटीची निवडणूक लढवली आणि मतदानाच्या दिवशी स्वतःचं मत समोरच्या उमेदवाराला दिलं. तेही सगळ्यांना सांगून. सरांना शून्य मतं पडली, म्हणजे त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनीसुद्धा दिलं नाही. मी हादरून विचारलं, "मग उभे कशाला राहिलात, सर?" तर म्हणाले, "चेअरमन चांगलाच आहे गो. पण दरवेळी बिनविरोध? मला नाय पटत. त्यालाही जरा धाकधूक हवी ना."

अंधेरीच्या एका मसाला कंपनीत आम्ही दोघं केमिस्ट. मी त्यांच्यापेक्षा बरीच लहान. यंत्रांवरच्या चाचण्या झाल्या तरी मसाला पॅक होण्याआधी आम्ही पाच जण त्याचा वास घेतो आणि एकेकाने सांगायचं, पास की नापास. धुरीसर सगळ्यांच्या आधी बोलायचे आणि बहुतेक वेळा एकच वाक्य बोलायचे, "माझी हरकत लिहा." आमचे मॅनेजर शहासाहेब वैतागले, की सरांचं उत्तर तयार असे. "पाचही जण एकच बोलणार असतील, तर कंपनी चार पगार फुकट घालवतेय."

त्यांच्या हरकतीमुळे एकदा तेल काढून घेतलेली लवंग पकडली गेली. दुसऱ्यांदा मात्र गोडा मसाला त्यांनी दोन दिवस अडवून धरला आणि शेवटी तो वास त्यांच्याच रुमालाला लागलेल्या डांबरगोळीचा निघाला. दुसरा कुणी असता तर तोंड लपवलं असतं. हे खूश. "मी चुकलो हे तपासलं म्हणूनच कळलं ना," म्हणत त्यांनी सगळ्या लॅबला चहा पाजला. शहासाहेबांनी त्या चहाला हात लावला नाही.

मी नवीन असताना साहेब "पास" म्हणाले म्हणून मीही म्हटलं. सरांनी मला बाजूला घेतलं. "कांबळे, तुका काय वाटता ता सांग. साहेबाचं नाक साहेबाकडे राहू दे." तेव्हापासून मी वास घेताना कुणाकडे बघत नाही.

असा हा माणूस तापाने आठवडाभर घरी राहून कामावर आला. समोर गरम मसाला होता. या वेळी सर आधी बोलले नाहीत. आम्ही चौघं पास म्हणालो आणि हरकतीची वाट बघत बसलो. सर म्हणाले, "ठीक आहे."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. शहासाहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. साहेबांनी आनंदाने जिलबी मागवली. मला मात्र धडकी भरली. सर आता सगळ्यांच्या शेवटी बोलत होते, आणि बोलण्याआधी आमचे चेहरे न्याहाळत होते.

मग कांदा-लसूण मसाला आला. त्यातलं खोबरं खवट झालंय हे मला स्पष्ट कळत होतं. ऑर्डर घाईची होती, बाकीच्यांनी पास म्हणून टाकलं. मी एकटीने हरकत घेतली आणि सर माझ्या बाजूने बोलतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं. "मला ठीक वाटतंय," ते म्हणाले. मला कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. एका हरकतीमुळे माल सोमवारपर्यंत थांबला, एवढंच.

रविवारी मी तडक भांडुपला त्यांच्या घरी गेले, जाब विचारायलाच. काकूंनी शेवयांची खीर आणली. वाटी तोंडाशी नेली तर करपल्याचा भपकारा आला. सरांनी मात्र वाटी चाटूनपुसून संपवली. "झकास झालीय." डब्यातल्या उसळीत कोकम जास्त पडलं तर दुपारी घरी फोन करणारा हा माणूस. आता मला सगळं कळलं होतं.

वाट्या ठेवायला आत गेले तर काकू हळू आवाजात म्हणाल्या, "खीर मुद्दाम लागू देते गो बुडाला. रोज कायतरी बिघडवते. एकदा तरी ओरडतील म्हणून. तू बोलू नको हां त्यांना. लपवतायत तर लपवू दे." मी मान डोलावली.

सर मला रिक्षापर्यंत सोडायला आले. वाटेत मी सरळच विचारलं.

"गेला वास. तापापासून," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात येईल. नाय तर नाय. उद्या साहेबांना सांगतो, तुझी हरकत बरोबर असणार. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पण घरी कसं सांगू? लग्नापासून ती विचारते, कसं झालंय, आणि मी खरं सांगतो. कधी चांगलं म्हटलं, तर दिवसभर गुणगुणत असते. मला वास येत नाय कळलं, तर ती विचारायचीच बंद होईल. मग जेवताना आम्ही बोलायचं काय?"

काकूंना कबूल केलं होतं, तरी मला राहवलं नाही. "सर, खीर करपली होती."

ते थांबले. "किती?"

"पार."

"आणि तिने तशीच वाढली?"

मी मान डोलावली. सर माझ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांचे डोळे भरून आले. रिक्षा समोर येऊन थांबली होती, पण माझा निरोपही न घेता ते वळले आणि भराभर घराकडे चालू लागले.