सहाव्या बाटलीचा फेस

जिभेला शहाणपण आलं की डोळ्यांवर झापड येते, हा निसर्गनियम आहे. तो माझ्या सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, मटार सोलता सोलता मांडला. "मोनिका, ज्या घरात लोक घोट तोंडात फिरवून बोलत्यात ना, त्या घरात दूध उतू जातंय." मी म्हणाले, "आई, हे पिणं नाय, हा आस्वाद आहे." त्यांनी पुढचा मटार सोलला.

बिअरच्या बाबतीत आपल्या शहराला देशात मान आहे. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, बिअर मात्र कारखान्यांत रोज बनते. यात विसंगती शोधणाऱ्या माणसाला आस्वादाची दृष्टी नाही, असं समजावं. ती दृष्टी यावी म्हणूनच चिकलठाण्याच्या आमच्या सोसायटीत 'पेयास्वाद मंडळ' स्थापन झालं. सभासद सात, बहुतेक इंजिनिअर. (परवाने सर्वांचे आहेत. मंडळ कायद्याला आणि यकृताला सारखाच मान देतं.) सभा एक रविवार सोडून, दुपारी चारला, आमच्या हॉलमध्ये. प्रत्येकानं आपल्या आवडीची एक क्राफ्ट बिअर आणायची, नवी असल्यास उत्तम. पुण्याला जाणारा सभासद आईवडिलांना भेटला नाही तरी चालतं, पण रिकाम्या हातानं परतलेला चालत नाही.

चाखल्यावर तक्ता भरायचा: रंग, फेस, गंध, अंग (म्हणजे बिअर जिभेवर किती भरीव लागते ते) आणि मागे राहणारी चव. तक्ते सांभाळायचं काम माझ्याकडं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मी अर्धाच घोट घेते. (हे सासूबाई वाचणार नाहीत, त्यांचा चष्मा दुरुस्तीला आहे.) पंधरा सभांत मंडळानं त्रेसष्ट बिअरींसाठी अकराशे चाळीस विशेषणं वापरली. 'कडू' हे विशेषण एकदाच आलं, तेही चुकून, ते इतिवृत्तातून काढून टाकलं.

नियमावलीतला नववा नियम मीच सुचवला होता: 'सभेत मूल उपस्थित असल्यास त्याची जबाबदारी सर्व सभासदांवर संयुक्तपणे राहील.' एका मुलावर सात माणसं. एवढी सुरक्षा मंत्र्यालाही नसते.

आमचा सम्यक अडीच वर्षांचा आहे आणि मी काळजीखोर आहे. प्लगांना झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, गॅलरीला जाळी. संकटाच्या सगळ्या वाटा मी बंद केल्या आहेत. त्या रविवारी फक्त घराचं दार उघडं होतं, कारण मंडळाचा एक सभासद, बद्रीनाथ, बर्फ आणायला गेला होता.

सहावी बाटली राजेंद्रची होती. गंधावर बावीस मिनिटं चर्चा झाली. राजेंद्रचं म्हणणं, ओल्या गोणपाटाचा वास. माझे यजमान अभय म्हणाले, ओलं नव्हे, ओलं होऊन वाळलेलं. मतदान घेतलं. वाळलेलं गोणपाट तीन विरुद्ध दोन मतांनी विजयी झालं, एक जण तटस्थ राहिला. मी लिहून घेतलं: 'फेस तीन बोटं, टिकाऊ.'

तेवढ्यात सासूबाई शेजारून आल्या. दारातच थांबल्या.

"सम्या कुठंय?"

अभयनं राजेंद्रकडं पाहिलं. राजेंद्रनं तटस्थ सभासदाकडं पाहिलं. जबाबदारी संयुक्त असल्यामुळं ती हॉलभर सारखी पसरली होती, कुणाच्याही वाट्याला चमचाभराहून जास्त आली नाही.

पलंगाखाली नाही. बाथरूममध्ये नाही. सासूबाई एव्हाना चपला न घालता जिना उतरत होत्या. आम्ही मात्र रीतसर इंटरकॉमवरून गेटवरच्या सोमनाथला फोन लावला.

"कपडे कोणते होते पोराचे?" त्यानं विचारलं.

अभय म्हणाले, "शर्ट... सोनेरीकडं झुकणारा."

"झुकणारा म्हंजे? पिवळा का?"

"गव्हाळ," राजेंद्र मागून म्हणाला. "वर जरा गढूळ छटा."

"बांधा कसा?"

"मध्यम अंगाचा," अभयच्या तोंडून गेलं.

"साहेब," सोमनाथ म्हणाला, "पोराचं सांगा ना, बाटलीचं काय सांगू राहिले."

अभयनं रिसीव्हर माझ्या हातात दिला. सकाळी सम्यकला कपडे मी घातले होते. मला काही आठवेना. डोळ्यांसमोर एकच ओळ होती: फेस तीन बोटं, टिकाऊ.

"आणि लवकर बघा," सोमनाथ म्हणाला, "खाली टँकर आलाय, हौदाचं झाकण उघडं हाय."

तीन मजले मी कशी उतरले, त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

हौदाच्या तोंडाशी टँकरवाले काका एका हातानं पाइप आणि दुसऱ्या हातानं सम्यकची कॉलर धरून वाकून बसले होते. सम्यक हौदात बघून हाका मारत होता आणि आतून परत येणाऱ्या आवाजावर खूश होता.

"कुणाचंय ह्ये?" काका म्हणाले. "धा मिन्टं झाले धरून बसलोय. पाइप सोडू का पोरगं सोडू?"

मागची बाजू शोधून आलेल्या सासूबाईंनी त्याला उचलून कडेवर घेतलं. काकांना म्हणाल्या, "भाऊ, वर चला, चहा घेऊन जा." शर्ट हिरवा होता. त्यावर डायनासोर होता.

प्रकरणाची मंडळानं गंभीर दखल घेतली. तक्त्यात एक रकाना वाढवला: 'मूल: आहे / नाही.' ठराव एकमतानं संमत झाला आणि त्या आनंदात सातवी बाटली उघडली. गेल्या तिन्ही सभांत राजेंद्रनं त्या रकान्यात 'उत्तम' असं लिहिलंय.

सासूबाई आता रविवारी दाराशी पाट टाकून बसतात. मटार नसले तर नुसत्याच बसतात. मी तक्ते लिहिते, पण दर ओळीला मान वर करते. माझं अक्षर बिघडलंय.

तुम्हीही हे सगळं चवीनं वाचलंत. गोणपाट ओलं की वाळलेलं, याचा मनात निकालही लावला असेल. आता तुमच्या घरात एखादं लहान मूल असेल, किंवा ज्याचा मघापासून आवाज आला नाही असं कुणी म्हातारं, तर जागेवरूनच सांगा, त्यांच्या अंगावर आज कुठल्या रंगाचे कपडे आहेत. 'निळसर' चालणार नाही.

उठा, बघून या.