पैलवानाची हडकुळी पिल्लं

सांबऱ्याच्या तालमीत शिरायचं तर भीमाण्णाला आधी दोन्ही हात उघडून दाखवावे लागत. मग पाटील असो, पाहुणा असो, की ताक घेऊन गेलेली मी असो.

"वैनी, आधी हात. आनि पदराखाली काय?"

गुळाचा खडा सापडला तरी तो काढून घेऊन कोनाड्यात ठेवी आणि जाताना आठवणीनं परत देई. आत त्याची कुत्र्याची पिल्लं होती. त्यांना दुसऱ्या कुणी काही चारलेलं त्याला खपत नसे.

भीमाण्णा आमचा शेजारी. दारातून आडवा आत यायचा, असं अंग. पण ऐन उमेदीत त्यानं कुस्ती सोडलेली. का सोडली म्हणून विचारलं की, "मन लागंना," एवढंच सांगे. गावानं त्याला भित्रा ठरवून टाकलं होतं. बायको नाही, पोर नाही. तो आणि त्याचे म्हातारे वडील आप्पा तालमीला लागूनच असलेल्या खोलीत राहत आणि तालीम सांभाळत. तालीम, खोली, सगळं इनामदारांचं.

बेळगावच्या कॅम्पात एका साहेबाच्या घोड्यांना मालिश करायला तो जाई. साहेब विलायतेला परत निघाला आणि आपली गाभण कुत्री ह्याच्या हवाली करून गेला. कुत्री कसली, वासरूच! हा तिला 'मडम' म्हणे. इनामदारांनी तिला पाहताक्षणी सांगून टाकलं, "एक पिल्लू आमचं." हा "व्हय" म्हणाला.

मडम व्याली आणि भीमाण्णा घरातून दिसेनासा झाला. एवढं मोठं जनावर, कुशीवर वळलं की पिल्लू चिरडायचं. म्हणून ह्यानं तालमीत भिंतीलगत वीतभर उंचीवर बांबू बांधले, पिल्लाला त्यामागं सरकता यावं म्हणून. स्वतः तिथंच पोत्यावर मुक्काम. दांडगं पिल्लू आचळाला चिकटलं की त्याला उचलून म्हणे, "तू पैलवान हाईस, दम खा जरा. बारक्याला पिऊ दे."

पिल्लांचं अंगावरचं दूध सुटलं तशी नाचणीची पातळ आंबील आणि मटणाचा शिजवून बारीक केलेला चुरा सुरू झाला. थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याचदा. भांडं चाटून झालं की लगेच उचललं. पिल्लं भराभर उंच झाली, पण अंगावर मांस बेताचंच. त्यांना पायरीवरून उडी मारू देत नसे. शेळीएवढ्या झालेल्या पिल्लांना हा बाप्या एकेक करून कडेवर घेऊन अंगणात उतरवी. पाणवठ्यावर बायका पदर तोंडाला लावून हसत.

"पैलवानाच्या घरात पिल्लं उपाशी!" गाव म्हणे.

"व्हय, हाईत हडकुळी," हा रस्त्यात उभा राहून ओरडे. "माझी हाईत. तुमच्या बाचं काय जातंय?"

मग एक दिवस इनामदार टांग्यातून पिल्लू न्यायला आले. त्यांनी एकाच्या बरगड्या चाचपल्या आणि तोंड वाकडं केलं.

"काय रं ही दशा? आमच्याकडं तूप-बदाम खाऊन महिन्यात रेडा होईल. दसऱ्याला घोड्यामागं पळवतो."

भीमाण्णानं पिल्लू त्यांच्या हाताखालून काढून घेतलं. "मग न्हाय देत."

"शब्द दिलतास."

"दिलता. आता मोडतो."

"तालीम कुणाची हाय, ठावं हाय न्हवं?"

"तुमची. घ्या."

त्यानं खोलीची किल्ली टांग्यात ठेवली. सगळं गाव बघत होतं. एका हातानं आप्पांना धरून, दुसऱ्या हातावर बारकं पिल्लू घेऊन तो आमच्या गोठ्यात आला. मागून मडम आणि बाकीची फौज.

"वैनी, म्हशीला चालंल काय बघा. आमची काय तक्रार न्हाय."

राहिला आमच्याच गोठ्यात. मी एकदा चिडून म्हटलं, "अण्णा, एका कुत्र्यापायी डोक्यावरचं छप्पर घालवलंत. खाल्लं असतं त्यानं चार घास जास्त, तर काय बिघडलं असतं?"

त्यानं आप्पा कुठं आहेत ते पाहिलं. मग हळूच धोतर वर केलं. दोन्ही गुडघे आत वळलेले, सुजलेले.

"आप्पानं लई मायेनं चारलं, वैनी. सोता उपाशी ऱ्हाऊन तूप, बदाम, लोणी. हाडं कवळी, वर एवढा बोजा. त्यात उड्या, बैठका. पाय गेलं." धोतर खाली सोडत तो म्हणाला, "आप्पास्नी ठावं न्हाय. कळलं तर म्हातारा जेवायचा न्हाय. म्हनून मन लागंना म्हनून सांगितलं. गाव भित्रा म्हनतंय, म्हनू दे."

पिल्लं मोठी झाली. सरळ पायांची, उंचनिंच. त्यांना बघायला वडगावहून माणसं येत.

एक दिवस सकाळी मी ताक घुसळून उठले होते. आप्पांनी रवीवरचा लोण्याचा गोळा बोटावर घेतला आणि बारक्यापुढं धरला. "खा रं, लेकरा. लई वाळलास."

भीमाण्णा धावत आला. मला वाटलं, आता म्हाताऱ्यावर ओरडणार. तो कसाबसा त्या मोडक्या गुडघ्यांवर बसला, बारक्याला बाजूला सारलं आणि वडिलांपुढं आपलंच तोंड उघडलं.

"मला द्या, आप्पा. भूक लागलीया."

आप्पांनी लोणी त्याच्या तोंडात घातलं आणि बोट त्याच्या मिशीला पुसलं.