ढवळलेलं लोणचं

गेल्या रविवारी सकाळी निकम सरांनी सख्ख्या धाकट्या बहिणीला स्वयंपाकघराबाहेर काढलं. नांदगावहून आलेल्या शकूताईंनी लोणच्याची बरणी तळापासून ढवळली होती.

नाशिक रोडला सर आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. त्यांची सगळी नोकरी जहाजावर आणि प्रयोगशाळेत झाली. खोल समुद्राच्या तळात नळी खुपसायची, गाळ थरांसकट वर आणायचा, त्यातले कणाएवढे शंख ओल्या ब्रशने एकेक उचलून तपासायचे. ध्रुवांवर बर्फ वाढला की हलका ऑक्सिजन त्यात अडकतो, समुद्रात जड उरतो आणि शंख त्याच पाण्यातून बनतात. म्हणून शंखावरून जुना बर्फ कळतो. हे सर दूधवाल्यालाही सांगतात.

"सर, फार उकडतंय," म्हटलं की उत्तर येतं, "सध्या आपण दोन हिमयुगांच्या मधे आहोत. चालायचंच." सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "मागच्या हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली गेला होता. तोही परत आला."

"ते झालं हो," सेक्रेटरी म्हणाले. "नळाला कधी येतंय?"

सरांच्या घरात थर मोडायचा नाही. "वर आजचं, खाली कालचं," हे त्यांचं पालुपद. इस्त्रीच्या गठ्ठ्यातून मधलाच शर्ट ओढणाऱ्याला ते 'किडा' म्हणतात, कारण समुद्रतळाचे थर किडे उकरून बिघडवतात. काचेच्या बरणीतलं लोणचं पाहुण्यानेही वरूनच, आडव्या चमच्याने घ्यायचं. मी दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा किडा झालो.

रविवारी आरडाओरडा ऐकून वर गेलो. शकूताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"दादा, ढवळलं नाय तर बुरशी धरंल ना रे! आणि दरवर्षी मीच देते ना लोणचं?"

"तुझं वर असतं," सर म्हणाले. "खाली सुमनचं होतं."

सुमन म्हणजे सरांची पत्नी. चार वर्षांपूर्वी त्या वारल्या. त्यांनी घातलेलं शेवटचं लोणचं तळाला होतं. दर उन्हाळ्यात शकूताईंचं त्यावर पडत गेलं.

शकूताई आत गेल्या, परात मांडली आणि बरणी तिच्यात उपडी केली.

"वहिनी कोयीसकट मोठ्या फोडी करायची. मी कोय काढते. बस खाली."

सरांनी भिंग आणि चिमटा आणला. कोय दिसली की सुमन, नसली की शकू.

"अरे, ती वहिनीची! माझ्यात काय टाकतो?"

"किड्याने मधे बोलू नये."

"लोणचं भिंगातून निवडतोय तू, आणि किडा मी?"

दुपारपर्यंत दोन बरण्या भरल्या. परातीत एकच फोड उरली. मोठी होती, पण कोय सुटलेली.

"वहिनीचीच," शकूताई म्हणाल्या.

"पुरावा नाही," सर म्हणाले.

त्यांनी फोड भिंगाखाली दोन्ही बाजूंनी पाहिली. मग ती सुमनवहिनींच्या बरणीत ठेवली.