चपाती फुगेना

इंद्रायणीची चपाती त्या दिवशी काही केल्या फुगेना. पहिलीच्या वेळी तिनं तव्याला दोष दिला, दुसरीच्या वेळी जाळाला. तिसरीच्या वेळी दोष द्यायला काही उरलं नाही. रंग तांबूस-काळपट, कडा फाटलेल्या, आणि तुकडा तोंडात टाकला तर मागाहून कडू. तिनं तो मुकाट्यानं गिळला, कारण पिठात काय आहे ते तिला माहीत होतं. निदान तसं तिला वाटत होतं.

साल अठ्ठ्याण्णव असेल. लोणीच्या अंगणवाडीत बायकांची सभा झाली होती. कमी खर्चात घराला चौरस आहार कसा द्यायचा, हे सांगायला एक बाई आल्या होत्या. गव्हात थोडं सोयाबीन मिसळून दळा, पोरं अंग धरतील, असं त्यांनी सांगितलं. इंद्रायणीच्या डोळ्यांसमोर तिची आरोही आली. सात वर्षांची पोर, पण हात काडीसारखे. घरी येऊन तिनं सासूजवळ विषय काढून पाहिला. साळुबाई म्हणाल्या, ते तेलाच्या कारखान्याचं धान्य, आपल्या घरात नको.  मग इंद्रायणीनं बाईंनी सांगितल्याप्रमाणे सोयाबीन उकळत्या पाण्यातून काढलं, माळ्यावर वाळवलं आणि दळणाच्या डब्यात गव्हाखाली दडवलं. सगळं काही सांगितल्याबरहुकूम. तरी चपाती फुगेना.

संध्याकाळी जेवताना पंगत अगदी शांत होती. साळुबाईंनी चपाती उलटी करून पाहिली आणि नजर खाली घातली. सासरे भिमाजी पाण्याबरोबर घास उतरवत राहिले. आरोहीनं आपली चपाती गुपचूप शेळीला नेऊन दिली. शेळीनं हुंगून तोंड फिरवलं. बोलला तो एकटा गोरख.

"गव्हात भेसळ हाय," इंद्रायणीचा नवरा म्हणाला. "धरमचंद शेठनी बनवलं आपल्याला."

लोणीच्या बाजूला तेव्हा पाण्याची टंचाई. या घराचं रान बाजरीचं, गहू धरमचंद शेठच्या दुकानातून विकतच यायचा. सासू, सासरा, सून या तिघांपैकी कुणीतरी गोरखला अडवायला हवं होतं. इंद्रायणीला वाटलं, सासूबाई अडवतील. प्रत्यक्षात कुणीच तोंड उघडलं नाही, आणि सकाळी गोरख चपाती कागदात गुंडाळून दुकानात गेला.

त्यानं ती भर गिऱ्हाइकांत तराजूच्या पारड्यात ठेवली. धरमचंद शेठनी तुकडा मोडून चावला, बराच वेळ चावला. वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान, भेसळीचा शब्द त्या दारात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. त्यांनी वाद घातला नाही. त्या गव्हाच्या पोत्यांची विक्री तिथंच थांबवली आणि गहू ज्याचा होता त्या निरगुडसरच्या जानकूला निरोप धाडला, की तुझा माल परत घेऊन जा.

दुपारपर्यंत गावभर झालं. ज्यांच्या घरी तोच गहू होता त्या बायकांनाही आपापल्या चपात्या आता कडू लागायला लागल्या. एकीनं तर कालच्या पोटदुखीचं कारणही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जानकू आला. पण पोती न्यायला दुकानात गेला नाही, शेठना बरोबर घेऊन थेट गोरखच्या दारात आला. वाळलेल्या अंगाचा, साठीकडे झुकलेला माणूस. उपरण्याच्या टोकाला मूठभर गहू बांधलेला. ओसरीवर बसून त्यानं गाठ सोडली, चार दाणे तोंडात टाकले आणि उरलेले गोरखपुढे धरले.

"मी घरी हाच गहू खातो, राव," तो म्हणाला. "नातवंडं हाच खात्यात. त्यात काय घाण निघाली तेवढी दावा, मग मी पोती घेऊन जातो."

गोरखनं दाणे चावले. गोडसर लागले. तो गोंधळून घरात पाहू लागला.

दाराआड उभ्या इंद्रायणीला वाटलं, आपण आता बोललो नाही तर हा माणूस आपल्या तोंडावर खोटा ठरून जाईल. पदर सावरून ती पुढं आली.

"गव्हाचा दोष न्हाई, बाबा. मी त्यात सोयाबीन घातलं व्हतं. आरोहीसाठी."

सासू आता काय बोलेल म्हणून तिनं मान खाली घातली. पण साळुबाईंचा चेहरा रागावलेला नव्हता, सुटका झाल्यासारखा होता.

"सोयाबीन कडू न्हाई लागत," त्या सावकाश म्हणाल्या. "कडू माझ्या मेथ्या हायेत. ह्यांचे गुडघे धरल्यात. मेथीचा लाडू दिला तर ढोरांना चारत्यात. म्हणलं, चपातीतनं तरी पोटात जातील. जरा जास्तच पडल्या."

सगळ्यांनी भिमाजींकडे पाहिलं. आपल्याला फसवून औषध दिलं म्हणून ते चिडतील असं वाटलं होतं. ते मात्र उपरण्यानं घाम पुसू लागले. डबा गिरणीत न्यायचं काम त्यांचं होतं.

"मी पायलीभर बाजरी वतली गिरणीत," ते शेवटी म्हणाले.

"का?" साळुबाईंनी विचारलं.

"तुला चपाती जात न्हाई. पोरांसाठी चपात्या व्हत्यात म्हणून तू बी तीच खाती, भाकर मागत न्हाईस. मी बघतो रोज."

 साळुबाई उठून आत गेल्या आणि उगाच भांडी हलवत राहिल्या.

धरमचंद शेठ हसू दाबून म्हणाले की भेसळ तर निघाली, फक्त दुकानातली नव्हती. गोरखनं हात जोडले, पण जानकूनं तिथंच सोडलं नाही. दुकानात चार माणसांदेखत आपला गहू वाईट ठरला, तर चार माणसांदेखतच तो चांगला ठरायला हवा, असं त्यानं शांतपणे सांगितलं. गोरख त्याच्याबरोबर दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांसमोर घरातला सगळा घोळ त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितला. लोक पोट धरून हसले. पोती परत उघडली.

घरी सासू-सुनेनं पहिल्यांदाच एकत्र बसून ठरवलं. सोयाबीन गव्हात राहील, पण बेतानं. मेथ्या मोड आणून भाजीत जातील, आणि साळुबाईंसाठी रोज एक भाकरी थापली जाईल. यापुढं एकमेकांना सांगितल्याशिवाय डब्यात कुणी काही टाकायचं नाही. आणि डबा गोरखनंच न्यायचा, कारण घरात तेवढाच एक भरवशाचा.

पुढच्या दळणाला गोरख डबा सायकलला बांधून निघाला. वाटेत तो हिशेब लावत होता. बायकोनं पोरीसाठी घातलं, आईनं बापासाठी, बापानं आईसाठी. आपण कुणासाठीच काही घातलं नव्हतं, उलट भांडून आलो होतो. आणि दुसरं त्याच्या ध्यानात आलं, की इंद्रायणीसाठी कुणीच काही घातलं नव्हतं. मागच्या महिन्यात विहिरीवर तिला चक्कर आली होती. डॉक्टर रक्त कमी आहे म्हणाले होते, नाचणी खायला सांगितली होती. घरी येऊन ती कामाला लागली आणि सगळे विसरले.

त्यानं सायकल शेठच्या दुकानाकडे वळवली.

गिरणीवाल्या सोमाजीच्या कानावर सगळा प्रकार आला होता. नाहीतर कुणाच्या डब्यात डोकवायची त्याला सवय नव्हती. पण या खेपेला त्यानं चक्कीत डबा ओतायच्या आधी झाकणावर हात ठेवून विचारलं, "सांगून ठेव, गोरख. घरी ठरलंय तेवढंच हाय ना ह्यात? मागाहून माझ्या चक्कीचं नाव नको."

"तेवढंच हाय," गोरख म्हणाला, आणि नाचणीची रिकामी पिशवी त्यानं घडी घालून खिशात खोल सारली.